मंदाताईंच्या ओजससाठी

सोलापूर

प्रिय सुधा,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. आम्ही बरे आहोत, यांचा गुडघा आहे तसाच.

ओजसला ऑटिझम असल्याचं पक्कं झालं. पुण्याहून त्याच्या मामानं सामानाची भलीमोठी यादी धाडलीय: वजनाचं पांघरूण, झोका, ट्रॅम्पोलिन, रंगीत दिव्यांची नळी. ते घर तू आतून ओळखतेस, म्हणून तुलाच लिहिते. पैसे जातील ते जातील, पण या पसाऱ्यात बोलण्याचं साधन मागे पडेल याची मला धास्ती वाटते. पाणी हवं असलं की पोरगं आईचा हात धरून माठाकडे ओढतं. त्याला आधी 'हवं', 'नको', 'दुखतंय' सांगता यायला हवं गं.

त्यासाठी चित्रांची कार्डं करायची: त्यांच्याच घरातल्या माठाचा, पोळीचा, चपलेचा फोटो काढायचा, लॅमिनेट करून मागे वेल्क्रो लावायचं. सगळ्या कार्डांना वेल्क्रोची एकच बाजू लावायची, नाहीतर ती एकमेकांनाच चिकटतात. सुरुवात दोनच कार्डांनी. त्यानं माठाचं कार्ड हातात दिलं की त्या क्षणी पाणी द्यायचं, 'पाणी म्हण बघू' करत ताटकळत ठेवायचं नाही. पुढे आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रावर बोट ठेवलं की बोलणारं जेलो ॲप आहे, मराठीतही चालतं. पण फोन वेगळा हवा, त्यावर कार्टून नको, आणि शिक्षा म्हणून तो काढून घ्यायचा नाही. चित्रं दिली की मूल बोलायचं सोडतं, यावरून तू माझ्याशी केवढी भांडली होतीस! तसं होत नाही सुधा. उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढतं.

दुसरी निकड दाराची. अशी बरीच मुलं नजर चुकवून निघतात, कित्येकांना पाण्याची ओढ असते, आणि कंबर तलाव घरापासून लांब नाही. उंचावर कडी आणि दार उघडताच वाजणारा चुंबकी अलार्म याच आठवड्यात बसायला हवा.

पांघरुणाचं म्हणशील तर वजन मुलाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास धरतात, म्हणजे सोळा किलोच्या ओजसला दीड किलो. पण 2014 साली ब्रिटनमधल्या चाचणीत त्यानं मुलांची झोप वाढली नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात ते अंगावर सोसणार कसं? त्यापेक्षा घरातली चादर चौघडी करून बसल्या वेळी मांडीवर ठेवावी, त्याची त्याला भिरकावता येईल अशी.

आवाज कमी करणारे कानावरचे मफ मात्र घ्यावेत, लहान मापाचे. गड्ड्याच्या जत्रेतल्या शोभेच्या दारूकामाआधी घरी शांततेत थोडा वेळ घालून सवय करायची. दिवसभर नकोत, कान आणखी हळवे होऊ शकतात. झोका हवाच असेल तर पंख्याच्या हुकाला नाही, गवंड्याकडून स्लॅबमध्ये वेगळा हुक बसवून, खाली गादी.

तुझ्या बदलीचं काय झालं? सुमितला आशीर्वाद.

मंदाताई माझं ऐकून घेतात, पण मानतात तुझं. रविवारी मामा सामान घेऊन यायच्या आत त्यांना फोन कर.

तुझी,
मीना