भीतीचा आणि व्यसनाचा केसपेपर एकच असावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

२६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनानिमित्त आमच्या तालुक्यात निघालेल्या प्रभातफेरीची बातमी आपण छायाचित्रासह छापली, त्याबद्दल आभार. त्या फेरीत मीही चालले आणि शपथही घेतली. मात्र व्यसनी माणसाला सुधारण्याविषयी त्या दिवशी जे बोलले गेले, त्यात एका गोष्टीचा उल्लेख कुठेच नव्हता. दारू पिणाऱ्या कित्येकांना दारूच्या आधीपासून चिंतेचा, भीतीचा आजार असतो. दोन्हींवर एकाच वेळी, एकाच ठिकाणी आणि घरी राहून उपचार मिळाले नाहीत, तर माणूस एका दारातून दुसऱ्या दारात ढकलला जातो. माझ्या घरात हे घडले आहे, म्हणून लिहीत आहे.

माझा धाकटा भाऊ गावच्या दूध संस्थेत नोकरीला आहे. पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला संकलन सुरू होते. तो नमुना बाटलीत घेतो, फॅट लावतो, म्हणजे दुधातील स्निग्धांश मोजतो, आणि आकडा मोठ्याने सांगतो. समोर दहा-पंधरा शेतकरी रांगेत उभे असतात, आणि दर फॅटवर ठरत असल्याने सगळ्यांचे लक्ष त्याच्या हाताकडे असते. चारचौघांत बोलायचे म्हटले की त्याला लहानपणापासून दरदरून घाम फुटायचा. शाळेत सुविचार सांगायची पाळी आली की त्या दिवशी त्याचे पोट हमखास दुखायचे. मी स्वतः शिक्षिका असूनही त्याला भित्रा म्हणत असे, याचे मला आज फार वाईट वाटते. नोकरी लागल्यावर रांगेसमोर त्याचा हात थरथरू लागला, तेव्हा कोणीतरी सांगितले की एक घोट घेतला की हात स्थिर होतो. तो खरोखरच झाला. पुढच्या सहा-सात वर्षांत त्या घोटाची क्वार्टर झाली, आणि मग पहाटे घेतल्याशिवाय हात पूर्वीपेक्षाही जास्त कापू लागला. नमुन्याचे दूध बाटलीत पडण्याऐवजी टेबलावर सांडू लागले.

एका रात्री छातीत धडधडून, श्वास कोंडून, आता आपण मरणार असे वाटून तो उठून बसला. आम्ही त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. ईसीजी चांगला आला, ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून त्याला घरी सोडण्यात आले आणि झोपेसाठी अल्प्राझोलामच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. दारूबद्दल कोणी विचारले नाही आणि आम्हीही लाजेने सांगितले नाही. पुढे कित्येक महिने जुन्याच चिठ्ठीवर त्याला त्या गोळ्या मिळत राहिल्या. वास्तविक अल्प्राझोलाम हे औषध नियमावलीतील ‘एच-वन’ या कडक नोंदीच्या परिशिष्टात येते. ते देताना औषध दुकानदाराने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती नोंद ३ वर्षे जपून ठेवायची असते. दारू आणि ही गोळी एकत्र पोटात गेल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, हे आम्हाला फार उशिरा कळले.

त्यानंतर आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार ओपीडीत गेलो. तिथे सांगण्यात आले, ‘आधी दारू सोडा, मग भीतीचे बघू.’ म्हणून एका व्यसनमुक्ती केंद्रात गेलो, तर तिथे महिनाभर भरती होण्याची अट होती आणि भीतीच्या आजारासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, असे उत्तर मिळाले. महिनाभर दोन्ही वेळचे संकलन सोडले असते तर त्याची नोकरी गेली असती. माझ्या भावजयीने रेशनकार्डाच्या पिशवीत ते दोन्ही केसपेपर अजून जपून ठेवले आहेत. दोन्हींवर त्याचे नाव आहे, वय आहे, नंबर आहेत. पण एकावर दारूचा उल्लेख नाही आणि दुसऱ्यावर भीतीचा नाही.

शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला ओपीडीतच तपासायचे ठरवले. पहिल्या भेटीला जवळजवळ तासभर लागला, आणि त्यातला निम्मा वेळ त्यांनी मला प्रश्न विचारले: भीती आधी होती की दारू आधी, आणि दारू बंद असलेल्या काळात भीती राहायची का? दारू मेंदूला तात्पुरती शांत करते, पण रोजच्या दारूची सवय झाल्यावर ती उतरताच मेंदू उलट जास्त चाळवतो, असे त्यांनी समजावून सांगितले. कापरे, घाम, धडधड, बेचैनी ही सगळी लक्षणे शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत सुरू होतात आणि ती चिंतेच्या आजारासारखीच दिसतात. म्हणून दारू सुटल्यावर तीन-चार आठवडे पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय किती भीती दारूची आणि किती मूळची, हे नीट ठरत नाही. मात्र हे ठरेपर्यंत रुग्णाला ताटकळत ठेवायचे नसते. माझ्या मते सगळा घोटाळा इथेच होतो. ‘आधी दारू सोडा’ या सांगण्यामागे वैद्यकीय कारण असेलही, पण ज्याला दारू हेच एकमेव औषध माहीत आहे त्याला ते औषध सोडून या असे सांगितले, तर तो परत येत नाही.

भावाने आठ दिवसांची रजा काढली. दारू उतरताना होणारा त्रास आवरण्यासाठी रोज कमी होत जाणाऱ्या प्रमाणात गोळ्या आणि सोबत थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देण्यात आले. गोळ्या भावजयीच्या ताब्यात राहायच्या आणि एका वेळेपुरत्याच त्याच्या हातात दिल्या जायच्या. त्याला पूर्वी कधी फिट आलेली नव्हती आणि घरात लक्ष ठेवायला माणूस होता, म्हणूनच हे घरी करता आले. ज्यांना आधी फिट आली आहे, ज्यांना भ्रम होतो, ज्यांचे यकृत फार खराब झाले आहे किंवा ज्यांच्या मनात आत्महत्येचे विचार आहेत, त्यांना भरतीच करावे लागते. माझे पत्र वाचून कोणी स्वतःच्या मनाने एकदम दारू किंवा गोळ्या बंद करू नयेत. त्यात जिवाला धोका आहे.

त्यानंतर चिंतेवरचे, सवय न लागणारे औषध सुरू झाले. त्याचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात आणि सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते, हे आधीच सांगून ठेवल्यामुळे त्याने ते मध्येच सोडले नाही. समुपदेशक त्याला दर आठवड्याला एकच लहान काम देत. पहिल्या आठवड्यात घरी भावजयीसमोर आकडा मोठ्याने वाचायचा, मग शेजारच्या दोघांसमोर, मग संध्याकाळच्या लहान रांगेसमोर. पहाटेची रांग सर्वांत शेवटी आली. गावच्या यात्रेत तो एकदा घसरला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला रागावून उपचारांतून काढून टाकले नाही. त्या दिवशी किती वाजता भीती वाटली आणि त्या वेळी जवळ कोण होते, एवढेच विचारले. आज तो संकलनाला जातो. हात अजून कधीकधी थरथरतो, पण तो ते लपवत नाही.

ही सोय अपवादाने का मिळावी? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात आणि भरती होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक असतो. म्हणजे खाटा वाढवणे आवश्यक असले, तरी बहुसंख्यांपर्यंत पोचायचे तर ओपीडीवाचून गत्यंतर नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचारांपासून वंचित असलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, याची मला खंत वाटते.

तज्ज्ञ कमी आहेत, हे खरे आहे. पण आपल्या शेजारच्या गोव्याकडे पाहावे. तिथे ‘संगत’ या संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. नैराश्य व चिंतेच्या रुग्णांवरील त्यांच्या कामाचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली आलेला अहवाल सांगतो की, सरकारी केंद्रांतील रुग्ण बरे होण्याचे प्रमाण त्यामुळे वाढले. पुढे घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी एक ते चार भेटींची, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाची समुपदेशन पद्धत त्यांनी तपासली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी २६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते. हे दोन्ही प्रयोग वेगवेगळे होते, आणि माझ्या भावाइतके दारूच्या आहारी गेलेले रुग्ण दुसऱ्या प्रयोगात नव्हते. तरीही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खोलीत प्रशिक्षित माणूस बसवला तर फरक पडतो, हे त्यांतून दिसते.

आपल्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. त्याच्या पथकाने ठरलेल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयात यायचे असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येतच समावेश केला आहे. कायद्याने जे एकत्र मानले, ते कारभाराने वेगळे ठेवले आहे: मानसिक आजार आरोग्य खात्याकडे आणि अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रे सामाजिक न्याय खात्याकडे. रुग्णाला ही खाती ठाऊक नसतात आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. तालुक्याच्या मानसोपचार ओपीडीत प्रत्येक व्यसनी रुग्णाला भीती, झोप आणि आत्महत्येच्या विचारांबद्दल, तसेच भीती वाटणाऱ्या प्रत्येक रुग्णाला दारू, तंबाखू आणि झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारले जावे आणि ते एकाच केसपेपरवर लिहिले जावे. त्याला नव्या इमारतीची गरज नाही. भरतीची गरज असलेल्यांना पुढे पाठवताना तोच कागद सोबत जावा. शिवाय आठवड्यातून एक दिवस तरी ही ओपीडी दुपारनंतर असावी, कारण सकाळच्या वेळेमुळे रोजंदारीवरच्या माणसाचा प्रत्येक भेटीला एक खाडा पडतो, आणि चार खाडे झाले की तो यायचे बंद करतो.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. तालुका पानावर आपण बाजारभाव आणि वीज बंद राहण्याच्या वेळा छापता. त्याच चौकटीखाली प्रत्येक तालुक्यातील मानसोपचार ओपीडीचा वार, वेळ व खोली, आणि सोबत ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ व व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे मोफत क्रमांक दर आठवड्याला छापावेत. माझ्या भावाला तो वार चार वर्षांत कोणीही सांगितला नव्हता.

भावाच्या संमतीने हे पत्र लिहिले आहे. मात्र त्याच्या नोकरीचा विचार करून माझे नाव व गाव छापू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका