सांता असू द्या, त्याची वही नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना सांताक्लॉज खरा असल्याचे सांगावे की नाही, या विषयावर आपल्या सदरात आलेल्या पत्रांचा सूर बहुतांशी ‘हे परके खूळ आपल्याकडे कशाला’ असा आहे. हा आक्षेप मला गैरलागू वाटतो. वसईत आणि गोव्यात नाताळ शतकानुशतके साजरा होत आला आहे. आणि बागुलबुवा अस्सल देशी असला, म्हणून तो मुलांच्या हिताचा ठरत नाही. अशा पात्राकडून पालक कोणते काम करवून घेतात, हे पाहायला हवे.

आमच्या सोसायटीत २४ डिसेंबरला सांता येतो. त्याआधी पालकांनी आपल्या मुलाची भेटवस्तू कागदात गुंडाळून, वर नावाची व फ्लॅट क्रमांकाची चिठ्ठी डकवून, कमिटीकडे गुपचूप पोहोचवायची असते. मग कोणाच्या हाती रिमोटची मोटार पडते, तर कोणाच्या हाती कंपासपेटी. ‘सांता सगळे पाहतो, शहाण्या मुलांनाच देतो’, असे घरोघरी महिनाभर बजावलेले असते. (हॉलंडमध्ये सांतासारख्याच भेटी वाटणाऱ्या सिंटरक्लासजवळ तर मुलांच्या वागणुकीची नोंदवहीच असते.) कंपासपेटी मिळालेल्या मुलाने यातून काय समजायचे? वडिलांची मिळकत बेताची आहे, हे त्याला एकवेळ पचेल. आपण शेजारच्या मुलापेक्षा कमी चांगले ठरलो, हे पचणार नाही.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे पहिले महासंचालक झालेले कॅनडाचे मनोविकारतज्ज्ञ ब्रॉक चिशोम यांनी १९४५ मध्ये मुलांच्या मनात सांतावरचा विश्वास रुजवण्यास जाहीर विरोध केला, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. अशा समजुतीमुळे मुलांच्या विचारशक्तीलाच धक्का बसतो, ही त्यांची भूमिका मला टोकाची वाटते. भातुकलीतला लटका चहा फुर्रकन पिणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला कपात चहा नाही हे पक्के ठाऊक असते, आणि तरीही ती आपल्याला ‘गरम आहे हं’ असे बजावते.

मात्र मूल थेट विचारते, तेव्हा तो खेळ राहत नाही. व्हर्जिनिया ओ’हॅनलन या आठ वर्षांच्या मुलीने १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘द सन’ या दैनिकाला पत्र लिहून, सांताक्लॉज आहे की नाही ते खरे सांगा, अशी विनंती केली होती. प्रेम आणि औदार्य जसे आहे तसा सांताही आहे, या आशयाचे त्या दैनिकाचे अग्रलेखक फ्रान्सिस चर्च यांचे उत्तर जगभर गाजले. लेखन म्हणून ते देखणे आहे, पण मुलीच्या प्रश्नाला त्यात सफाईने बगल दिलेली आहे. (वाचकांना गोलमोल उत्तरे देण्याची संपादकांची परंपरा बरीच जुनी दिसते!) व्हर्जिनियाबाईंनी पुढे त्या उत्तराची कायम पाठराखण केली, हे मान्य, तरीही ‘खरे सांगा’ म्हणणाऱ्या मुलाला खरेच सांगावे, असे माझे मत आहे.

आधी ‘तुला काय वाटते?’ असे विचारून त्याचा कयास ऐकावा, आणि मग आडपडदा न ठेवता सांगावे. ज्याला कळले, त्याला पुढच्या वर्षी धाकट्यांच्या भेटी बांधायला बसवावे. मुले हे गुपित मोठ्या ऐटीत सांभाळतात. सोसायट्यांनी चिठ्ठ्यांची पद्धत बंद करून वर्गणीतून सर्व मुलांना, रखवालदाराच्या आणि घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांनाही, एकसारखीच भेट द्यावी.

आपली नम्र,
एक पालक, डोंबिवली