स्पिन ऐकायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता. फीचं नाव काढलं की चहा मागवता आणि त्याचे पैसेही तुम्हीच देता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही. शिवाय आपल्या हॉलवर टेबल टेनिस खेळायला नव्याने येणाऱ्या मंडळींना तुम्ही काय शिकवता ते आयतं वाचायला मिळेल.

तुम्ही एके काळी बँकेच्या संघातून खेळलेले, आणि मी कॉलेजनंतर थेट चाळिशीत, ठाण्यातल्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पुन्हा बॅट हातात धरलेली. माझा फोरहँड जोरकस होता, लोक कौतुकही करायचे. त्या दिवशी तुम्ही बाकावर पेपर वाचत बसला होतात. टेबलाकडे बघतही नव्हतात. गेम संपल्यावर म्हणालात, "अगं, आवाज फार येतोय." मी आजूबाजूला पाहिलं, कुणी ओरडतंय का म्हणून. तुम्ही बॉलबद्दल बोलत होतात.

मग मला टेबलाकडे पाठ करून उभं केलंत आणि स्वतः खेळायला लागलात. बॉल बॅटवर सपाट बसला की लाकूड बोलतं, टक्क. घासून गेला की फक्त रबर बोलतं, आणि ते इतकं हळू की कान द्यावा लागतो. थोड्या वेळाने मला न बघता सांगता यायला लागलं की आत्ता गेला तो ड्राइव्ह, म्हणजे सपाट फटका होता, की टॉपस्पिन, म्हणजे घासून पुढच्या दिशेने फिरवलेला बॉल. पुढे जोरही लागतोच, तेव्हा बॉल रबराखालच्या स्पंजमध्ये जरा रुतवून मग घासायचा. पण आधी नुसतं घासणं यायला हवं, हा तुमचा क्रम. आजवर व्हिडिओ बघून जे कळलं नव्हतं ते पाठमोरं उभं राहून कळलं.

आवाजावरूनच तुम्ही १९५२ ची गोष्ट सांगितलीत. त्या वर्षी जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरीचं विजेतेपद घेऊन गेला. त्याच्या बॅटमधून आवाजच निघत नव्हता, आणि टकटक ऐकून अंदाज बांधायची सवय असलेले भलेभले गोंधळून गेले. शेवटी १९५९ मध्ये नुसत्या स्पंजवर बंदी आली. स्पंजवर रबर हवंच आणि दोन्ही मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या आत, असा नियम झाला. आपण आजही त्याच मापात खेळतो. हे कळल्यावर हातातल्या बॅटकडे मी जरा आदराने बघायला लागले.

सर्व्हिससाठी तुम्ही मला टेबलाजवळ येऊच दिलं नाहीत. जमिनीवर सराव. बॅट जवळजवळ आडवी, बॉलच्या बुडाखालून घासायची. बॉल पुढे जाऊन टप्पा घेईल आणि परत आपल्याकडे येईल, तोवर टेबल नाही. अंगठा आणि तर्जनीत बॅट, बाकीची तीन बोटं सैल, म्हणजे मनगट मोकळं राहतं. बॉल बॅटच्या मध्यावर न घेता टोकाजवळ घ्यायचा, कारण टोक सगळ्यात जोरात फिरतं. नियमात बॉल किमान १६ सेंटिमीटर वर उडवायचा असतो. तुम्ही त्याहून बराच उंच उडवायला लावायचात, खाली येताना त्याचा वेग आपल्या कामी येतो म्हणून. आणि तो अर्धा निळा बॉल! स्केचपेनने अर्धी बाजू रंगवलेली. स्पिन कमी असला की निळं-पांढरं वेगवेगळं लुकलुकतं, भरपूर असला की सगळा बॉल फिकट निळा दिसतो. एवढ्या स्वस्तात स्पिन मोजायचं साधन दुसरं नसेल.

मात्र सगळ्यात जास्त डोकं तुम्ही खपवलंत ते बॅकस्पिनवर, म्हणजे उलट्या फिरणाऱ्या बॉलवर, लूप, म्हणजे खालून वर घासलेला टॉपस्पिनचा फटका, मारण्यासाठी. मी मनगटाने ओढायचे. तुम्ही मनगटाचं नावही काढू दिलं नाहीत. गुडघे वाकव, बॅट गुडघ्यापर्यंत खाली ने, भार उजव्या पायावर घे, मग पाय, कंबर, खांदा आणि सगळ्यात शेवटी कोपरापुढचा हात. बॅट कपाळापाशी थांबली पाहिजे. भोवऱ्याला जाळी गुंडाळून फेकताना जोर फेकण्यात नसतो, शेवटच्या झटक्यात असतो, तसंच हे. बॅट घट्ट आवळली की तो झटका मरतो. समोरून बॅकस्पिन आला तर हात वरच्या दिशेने, समोरच्याने नुसता अडवल्यावर (ब्लॉक) टॉपस्पिन परत आला तर बॅट पुढे झुकवून पुढच्या दिशेने. वाक्य एवढंच, पण ते पायांत उतरायला अख्खा पावसाळा गेला.

पावसाळ्यावरून आठवलं. आपल्याकडच्या दमट हवेत रबर घसरायला लागतं, आणि मला वाटायचं आपलाच हात बिघडला. पाण्याने पुसा, वाळवा, वर प्लास्टिकचा कागद लावा, हे तुम्ही सांगितलंत. महागडं रबर मात्र घेऊ दिलं नाहीत. चिकट चिनी रबर, ज्यात सगळं काम आपल्या हातालाच करावं लागतं, तेच वापर म्हणालात. उड्या मारणारा स्पंज चुका झाकतो, हे तुमचं म्हणणं मला पटलं आहे.

एका बाबतीत मात्र पटलेलं नाही, ते इथेच सांगून टाकते. टेबलावरच्या आखूड बॉलवर बॅकहँडचा फ्लिक, म्हणजे मनगटाच्या झटक्याने मारलेला फटका, तुम्हाला नुसता चाळा वाटतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारा चीनचा झांग जिके त्याच फ्लिकने सर्व्हिस करणाऱ्यालाच अडचणीत आणायचा. २००० मध्ये बॉल ३८ चा ४० मिलिमीटर झाला, २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आलं, दोन्ही वेळा स्पिन थोडा कमी झाला, म्हणून अंगाने जास्त खेळायला हवं, हे तुम्हीच शिकवलंत. मग त्याच हिशेबाने बॉल लवकर घेणंही आलंच ना? भेटलात की वाद घालू.

तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही मुलाकडे पुण्याला गेलात आणि हॉलवरचा बाक पोरांनी बॅगा ठेवायला घेतला. कॉलेजातली ती उंच पोरं माझी बॅकस्पिन सर्व्हिस आता जाळीत घालतात. तुम्ही असतात तर "बरी गेली" एवढंच म्हणाला असतात, पण मला ते ऐकायचं होतं. काका, न मागता, न थकता, एका हौशी बाईसाठी इतकं केलंत त्याबद्दल मनापासून आभार. काकूंना नमस्कार.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची

ता. क. आपल्याकडे एक नवीन गृहस्थ बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर लावून आले आहेत. मी जेवढा टॉपस्पिन घालते तेवढाच बॅकस्पिन होऊन परत येतो, म्हणजे माझीच मेहनत माझ्यावर उलटते. मी सध्या त्यांच्या दाण्यांवर बिनस्पिनचा बॉल टाकते आणि उचललेला परत आला की फोरहँडकडे फिरवते. हे बरोबर आहे की आणखी काही करू? फोनवर सांगितलंत तरी चालेल.