गच्चीवरचा टॉवर आणि उशाजवळचा फोन

चि. मधुरा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवू द्यायचा की नाही, यावर येत्या सर्वसाधारण सभेत मतदान आहे, आणि विरोधाच्या निवेदनावर सही करावी की करू नये, असे तू विचारले आहेस. सोबत पाठवलेले व्हिडिओही मी पाहिले. हे सारे फोनवर सांगता आले असते. पण आकड्यांचा विषय तोंडी सांगितला की ऐकणाऱ्याच्या लक्षात एकतर नुसती भीती राहते नाहीतर नुसता दिलासा, म्हणून सवडीने लिहितो आहे. माझी सगळी नोकरी दूरसंचार खात्यात गेली. तेव्हा 'बाबा टॉवरवाल्यांचीच बाजू घेणार' असे मंदाररावांना वाटले, तर ते वाटणे रास्त आहे. पुढचे आकडे त्यांनी खुशाल तपासून घ्यावेत.

क्ष-किरण आणि मोबाइलच्या लहरी एकाच कुळातल्या असल्या तरी त्यांच्या ऊर्जेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लहरींची ऊर्जा सुट्या सुट्या कणांच्या रूपात येते. क्ष-किरणाच्या एकेका कणात अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर फेकण्याइतकी ताकद असते. त्यातून पेशीतल्या डीएनएची मोडतोड होते आणि पुढे कर्करोगाची शक्यता निर्माण होते. मोबाइल ज्या दोन गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दोन अब्ज कंपनांच्या आसपास चालतो, तिथे एका कणाची ऊर्जा इतकी क्षुल्लक असते, की साधा रासायनिक बंध तोडायलाही तिच्या काही लाख पट ऊर्जा लागेल. लहरींचा जोर वाढवला तर कणांची संख्या वाढते, एकेका कणाची ताकद वाढत नाही. त्यामुळे या लहरींचा शरीरावर होणारा निर्विवाद परिणाम एकच, तो म्हणजे ऊतींना किंचित ऊब येणे, आणि सुरक्षेच्या सगळ्या मर्यादा त्या उबेवरूनच ठरल्या आहेत. संपूर्ण शरीराने दर किलोला ४ वॅट शोषले, तर तापमान साधारण एक अंशाने चढते. सामान्य नागरिकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा त्याच्या पन्नासाव्या हिश्श्यावर, म्हणजे किलोमागे ०.०८ वॅटवर ठेवलेली आहे. बराच वेळ बोलल्यावर कान तापतो, तो मुख्यतः बॅटरी आणि प्रोसेसर तापल्यामुळे आणि कानाला हवा न लागल्यामुळे. तू पाठवलेला, फोनच्या मधोमध मक्याच्या लाह्या फुटण्याचा व्हिडिओ तर २००८ सालचा असून ती ब्लूटूथ हेडसेट विकणाऱ्या एका कंपनीची जाहिरात होती, हे त्या कंपनीने स्वतःच कबूल केले होते. लोक अजून तो पुढे ढकलत आहेत.

आता तुमच्या टॉवरविषयी. वरच्या मजल्यावरचे रहिवासी सर्वांत जास्त घाबरले आहेत असे तू लिहिले आहेस, आणि नेमके त्यांनाच घाबरण्याचे कारण सर्वांत कमी आहे. टॉवरवरची उभी, पांढरट, चपटी पेटी म्हणजे अँटेना. ती आपल्या लहरी समोर, जवळजवळ आडव्या दिशेने, क्षितिजाखाली काही अंश कललेल्या झोतात टाकते. थेट खाली, गच्चीच्या स्लॅबमधून फारच थोडे उतरते. दिव्याखाली अंधार, तसा हा प्रकार आहे. विचारण्याचा खरा हक्क कोणाला असेल, तर तो त्याच उंचीवर अँटेनाच्या तोंडासमोर राहणाऱ्या शेजारच्या इमारतीतल्या लोकांना. आणि तुमच्या निवेदनावर त्यांच्यापैकी कोणाची सही दिसत नाही.

त्या झोतातही किती असते, याचा हिशेब कागदावर करता येतो. समज, अँटेनाला २० वॅट दिले आणि तिने ते एका दिशेला एकवटून पन्नास पट केले, तर पन्नास मीटरवर बरोबर झोतात उभ्या असलेल्या माणसावर चौरस मीटरला सुमारे ०.०३ वॅट पडतील. नऊशे मेगाहर्ट्झला आंतरराष्ट्रीय मर्यादा ४.५ वॅट आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी ती दहाव्या हिश्श्यावर, म्हणजे ०.४५ वॅटवर आणली. एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांचे मिळून आठ-दहा कॅरियर, म्हणजे वेगवेगळ्या कंपनसंख्यांवरची स्वतंत्र प्रक्षेपणे, एकाच दिशेला तोंड करून बसवले, तर झोतातला आकडा या कडक मर्यादेच्या बराच जवळ जाऊ शकतो, हेही तितकेच खरे आहे. म्हणून 'टॉवर म्हणजे काहीच नाही' असे मी म्हणणार नाही. मोजून घ्या, असे म्हणेन.

फाईव्ह-जीचे नाव ऐकून तुमचे सेक्रेटरी विशेष अस्वस्थ झालेले दिसतात. आपल्याकडे त्या सेवेचा मोठा भाग ३.३ ते ३.६ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि तुमच्या घरातला वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर. म्हणजे ही नवी लहर त्या दोन जुन्या लहरींच्या मधलीच आहे.

या सगळ्या चर्चेत मला सर्वांत खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. शरीराला मिळणाऱ्या मोबाइल लहरींचा बहुतांश वाटा टॉवरकडून येत नाही, तो कानाला लावलेल्या आपल्याच फोनकडून येतो. आणि तो फोन किती जोराने ओरडतो, हे टॉवर किती जवळ आहे यावर ठरते. फोर-जी हँडसेट जास्तीत जास्त ०.२ वॅट सोडतो, पण टॉवर जवळ असेल तर तो आपली शक्ती त्याच्या शंभराव्या, कधी हजाराव्या हिश्श्यापर्यंत आपोआप उतरवतो. तुझ्या फोनच्या सेटिंगमध्ये, सिमच्या माहितीखाली, सिग्नलचा आकडा डीबीएम या एककात दिसतो. त्यात दर दहा अंकांना सिग्नल दहा पटींनी बदलतो. बाल्कनीत तो उणे ७५ असेल आणि खाली बेसमेंटच्या पार्किंगमध्ये उणे ११५, तर या चाळीस अंकांच्या फरकाचा अर्थ असा की पार्किंगमध्ये पोहोचणारा सिग्नल दहा हजार पटींनी क्षीण आहे, आणि तिथून लागलेला फोन टॉवरपर्यंत आवाज पोहोचवण्यासाठी जीव तोडून लहरी सोडतो. बॅटरीही तिथे भराभर उतरते, ती त्याच कारणाने. टॉवर दूर लोटला तर परिसरातल्या प्रत्येकाच्या कानाजवळचा फोन अधिक जोर लावू लागेल. लहरी कमी व्हाव्यात म्हणून काढलेले हे निवेदन नेमके उलटे फळ देईल, आणि हे कोणीच बोलत नाही.

कर्करोगाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुझी खरी धास्ती तीच आहे. मे २०११ मध्ये फ्रान्समधील लिऑन येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १४ देशांतल्या ३१ शास्त्रज्ञांना बोलावून या लहरींना '२ ब' गटात टाकले. या गटाचा अर्थ 'कर्करोग होऊ शकेल अशी शंका आहे, पण पुरावा तोकडा आहे' इतकाच. त्याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्क आहे आणि आशियातली पारंपरिक पद्धतीने मुरवलेली भाजीही आहे. व्हिडिओत 'जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले' म्हणून जे ओरडून सांगितले आहे, ते एवढ्यावरच उभे आहे.

त्या निर्णयामागे प्रामुख्याने १३ देशांतला 'इंटरफोन' हा अभ्यास होता, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूत गाठ झालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांना, त्यांनी आजवर फोनवर किती वेळ बोलण्यात घालवला, हे आठवून सांगायला लावले होते. एकूण १६४० तासांहून अधिक बोललेल्या, म्हणजे दहा वर्षे रोज साधारण अर्धा तास बोललेल्या गटात ग्लायोमा या गाठीचे प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त दिसले. हे वाचून कोणाचाही जीव दचकेल. पण त्याच अभ्यासात फोन नियमित वापरणाऱ्यांमध्ये एकंदरीने हीच गाठ न वापरणाऱ्यांपेक्षा कमी आढळली. फोनने गाठ बरी होते असे तर कोणी म्हणणार नाही, म्हणजे मोजमापातच कुठेतरी खोट आहे. काही रुग्णांनी तर दिवसाला बारा तासांहून अधिक बोलल्याचे सांगितले होते. आपल्याला गाठ का झाली याचे कारण शोधणारा माणूस आपल्या आठवणी नकळत वाढवून सांगतो, यात त्याचा दोष नाही. अभ्यासकांनीही यावरून कार्यकारणभाव काढता येत नाही असे स्पष्ट लिहिले.

आठवणींवर न विसंबता केलेला अभ्यास डेन्मार्कमध्ये झाला. १९८२ ते १९९५ या काळात मोबाइलचे वर्गणीदार झालेल्या चार लाख वीस हजार लोकांची नावे त्यांनी देशाच्या कर्करोग नोंदवहीशी ताडून पाहिली आणि वाढ आढळली नाही. त्यातही उणीव होती. कंपनीच्या नावावर घेतलेले फोन वगळले होते, आणि सर्वांत जास्त बोलणारे तर तेच असणार. म्हणून कोणत्याही एका अभ्यासावर भिस्त ठेवू नये, असे माझे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला एकत्रित आढावा सप्टेंबर २०२४ मध्ये आला. त्यात २२ देशांतले ६३ अभ्यास तपासले गेले आणि फोनचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही, दहा वर्षांहून अधिक वापर असलेल्यांमध्येही नाही.

उंदरांचा प्रयोग तू विशेष अधोरेखित केला आहेस. तो खोटा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याचा अंतिम अहवाल दिला आणि नर घुशींच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांच्या, हृदयात गाठी झाल्याचा 'स्पष्ट पुरावा' असल्याचे म्हटले. फक्त त्या घुशींना रोज नऊ तास, दोन वर्षे, सर्वांगावर किलोमागे ६ वॅटपर्यंत लहरी दिल्या होत्या, म्हणजे माणसाच्या सर्वांगासाठी असलेल्या मर्यादेच्या पंचाहत्तर पट. आणि तो मारा सोसलेले नर लहरी न मिळालेल्या नरांपेक्षा जास्त जगले. माद्यांमध्ये असा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. या निकालातून माणसाविषयी काय समजायचे, यावर तज्ज्ञांचेच एकमत नाही.

तुमच्या छोट्या ईराबद्दल तू विचारलेस, तिथे मी अधिक सावध आहे. लहान मुलांच्या कवटीचे हाड पातळ असते, लहरी थोड्या अधिक खोल जातात, आणि आयुष्यभराचा वापर आपल्या पिढीच्या कितीतरी पट होणार आहे. १४ देशांत, त्यात भारतही होता, १० ते २४ वर्षांच्या मुलांवर झालेल्या 'मोबी-किड्स' अभ्यासात मेंदूच्या गाठीचा संबंध आढळला नाही. पण ईरा त्या वयोगटाहूनही लहान आहे. तिने आजीशी बोलताना फोन स्पीकरवर ठेवावा. अंतर दुप्पट झाले की तीव्रता ढोबळमानाने चौथाईवर येते, त्यामुळे कानापासून वीतभर दूर धरलेला फोन हा कोणत्याही उपकरणाहून सरस आणि फुकटचा उपाय आहे. 'रेडिएशन शोषणारे' म्हणून विकले जाणारे स्टिकर मात्र आणू नकोस. ते एकतर काहीच करत नाहीत, आणि करत असतील तर अँटेनाच्या आड येऊन फोनला आणखी जोर लावायला भाग पाडतात. हँडसेटचा एसएआर, म्हणजे त्याच्या लहरींची किती ऊर्जा शरीर दर किलोला शोषते तो आकडा, पाहायचा असेल तर *#०७# फिरव. भारतात त्याची मर्यादा एक ग्रॅम ऊतीवर मोजून किलोमागे १.६ वॅट आहे.

खरे सांगायचे तर ईराच्या बाबतीत मला लहरींपेक्षा तिच्या झोपेची काळजी जास्त वाटते. रात्री अंथरुणात तोंडासमोर उजळलेला पडदा झोप लांबवतो, याला घुशींचा प्रयोग लागत नाही. तुम्हा दोघांचे फोनही रात्री उशाजवळ चार्जिंगला असतात. ते हॉलमध्ये गेले तर लहरी आणि जागरण दोन्ही टळतील. तसेच मंदाररावांनी गाडी चालवताना बोलणे थांबवावे. मोबाइलने माणसे दगावल्याचा भक्कम पुरावा कुठे असेल तर तो तिथे आहे, आणि हँड्सफ्री लावल्याने तो धोका संपत नाही.

आजीच्या पेसमेकरचीही आठवण ठेव. नव्या फोनांमध्ये चुंबक असतात, ते पेसमेकरचे काम बिघडवू शकतात. फोन त्या जागेपासून निदान सहा इंच लांब असावा आणि विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. गळ्यात फोन अडकवण्याची तिची दोरी काढून टाक.

तुमच्या मजल्यावरच्या काकूंना समोरचा जुना टॉवर बसल्यापासून डोके दुखते, असे तू लिहितेस. त्यांचे डोके दुखते यात शंका घेऊ नकोस. पण अशा तक्रारी असलेल्या लोकांवर झालेल्या चाचण्यांत, लहरी चालू आहेत की बंद हे त्यांना किंवा तपासणाऱ्यालाही ठाऊक नसताना, त्रासाचा आणि लहरींचा मेळ बसलेला नाही. त्यांनी रक्तदाब आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, एवढे गोडीने सांग.

म्हणून आरोग्याच्या कारणावरून विरोध करणाऱ्या निवेदनावर सही करू नये, असे मला वाटते. याचा अर्थ डोळे मिटून होकार द्यावा असा नाही. सभेत लेखी मागावे असे बरेच आहे. इमारत तेवढे वजन पेलेल असा मान्यताप्राप्त संस्थेचा मजबुतीचा दाखला कोण देणार? पाया बसवताना गच्चीचे वॉटरप्रूफिंग फुटले आणि वरच्या घरांत गळती लागली, तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने? डिझेल जनरेटर कुठे बसणार, त्याचा धूर कोणाच्या खिडकीत जाणार? अँटेनांची तोंडे कोणत्या दिशेला असतील आणि त्या उंचीवर समोर किती मीटरवर घर आहे? भाडे सोसायटीच्या कोणत्या खात्यात जमा होईल? आणि उभारणीनंतर मोजणी करून घेण्याची अट करारात लिहून घ्या. २०१७ पासून सरकारच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर आपल्या परिसरातले टॉवर नियमांत बसतात की नाही हे पाहता येते, आणि ४००० रुपये शुल्क भरून दूरसंचार विभागाकडून प्रत्यक्ष मोजणीही मागवता येते. समोरच्या इमारतीतल्या लोकांनाही हे कळवा. मोजणी त्यांच्या बाल्कनीत व्हायला हवी.

कराराचा मसुदा आला की मला पाठव. त्यातली तांत्रिक परिशिष्टे मी वाचून देतो. कॅरियरची संख्या नंतर परस्पर वाढवण्याची मुभा बहुधा तिथेच एखाद्या कलमात दडलेली असते.

मंदाररावांना नमस्कार, ईराला गोड पापा.

तुझा,
बाबा