कळस पाहून परतणारी माणसं

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू दोन मिनिटांच्या वर टिकत नाहीस. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, तिकडं पाऊस आहे का, एवढं झालं की "चल, ठेवतो". म्हणून पत्र लिहायला घेतलं. पत्र मध्येच ठेवता येतं, पण निदान ते तिथंच पडून राहतं.

मुलासाठीचे उपचार थांबवल्याचं सूनबाईनं मला सांगितलं. म्हणाली, "आई, आता शरीर नको म्हणतंय. आणि पैशाचं म्हणाल तर तेही." मी म्हटलं, बरं केलंत. त्यावर मी आणखी काही विचारलं नाही आणि विचारणारही नाही. तिच्याजवळ निदान बोलायला माणसं आहेत. तिची आई आहे, बहीण आहे, ऑफिसातल्या मैत्रिणी आहेत. तुझ्याजवळ कोण आलं? आपल्याकडं मूल न होण्याचं सगळं बाईच्या पदरात टाकायची रीत आहे. दोष तिचा, म्हणून दुःखही तिचंच. पुरुषाला कुणी काही विचारत नाही आणि मग त्याला रडायलाही कुठं जागा उरत नाही. मावशीच्या नातवाच्या बारशाला तू पंगतीत सारखा वाढत होतास. पोरं "आम्ही वाढतो, काका" म्हणत होती तरी हातातली आमटीची बादली खाली ठेवेनास. पाळण्याकडं जायला नको म्हणून चाललं होतं ते. मला दिसत होतं.

तेव्हाच तुझा मोकळा गळाही दिसला. विचारलं तर म्हणालास, "माळ तुटली, ओवायची राहिलीय." तुळशीची माळ ओवायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे, बाळा. नानांनी तुला आळंदीला नेऊन ती घातली होती. तरीपण ती परत घाल असं सांगायला मी बसलेली नाही. देवावर रुसायला बंदी असती तर आपली अर्धी गाथा कोरी राहिली असती.

मला वेगळंच बोलायचंय. "इतकी वर्षं एकादशी धरली, वारी केली, दुसरं कधी काही मागितलं नाही, आणि एक मागितलं तर तेवढं दिलं नाही," असं तू सूनबाईला म्हणालास. तिनं मला सांगितलं म्हणून तिच्यावर चिडू नकोस. तुला दुःख आहे हे खरंच आहे. पण तुला फसवलं गेलंय, हे मात्र मला पटत नाही. कारण आपल्या घरात जी वाट चालत आली, तिनं "मागशील ते मिळेल" असं कधीच कबूल केलेलं नाही. उलट तिच्यात जिकडंतिकडं न मिळालेलंच भरून आहे.

चांदोबाचा लिंब आठव. दरवर्षी तरडगावच्या अलीकडं पहिलं उभं रिंगण, आणि नानांच्या खांद्यावर तू. जरीपटक्याच्या घोड्यावर स्वार असतो आणि माउलींच्या घोड्यावर कुणीच नसतं. तू पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा ओरडलास, "नाना, त्याचा माणूस पडला!" भोवतीची माणसं हसली. पण त्याच रिकाम्या खोगिराच्या घोड्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला सगळी धावली. रथातल्या पालखीत तरी काय असतं? पादुका. आपल्या साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी या सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासून लाखो माणसं त्या पादुकांच्या मागून चालताहेत. ज्यांच्या पादुका, ते १२९६ साली समाधीत बसले. म्हणजे जो समोर नाही, त्याच्या सोबतीनं चालायचं. हे आपण इतक्या लहानपणापासून पाहतो की त्यातलं नवल आपल्याला वाटेनासं होतं.

आणि पंढरपुरात पोचल्यावर? आषाढीला दर्शनाची बारी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली असते. पायावर डोकं टेकवायचं तर उभ्या उभ्या दिवस मावळतो, रात्र सरते. मुखदर्शनाची रांग वेगळी, पण तिलाही शेवट दिसत नाही. दिंडीतल्या बहुतेकांना ते जमत नाही. चंद्रभागेत बुडी मारायची, नामदेवाच्या पायरीशी वाकायचं, कळसाकडं बघून हात जोडायचे आणि द्वादशीचं पारणं फेडून ट्रकमध्ये बसायचं. गंगाखेडकडची एक म्हातारी एकदा वाखरीच्या तळावर माझ्याशेजारी भाकरी खात होती. सांगत होती की दरसाल येते आणि दरसाल कळस बघूनच जाते, आत म्हणून जाणं होत नाही. मी विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाली, "वाटतंय की. वाटतंय म्हून तर पुढल्या साली येते."

मी शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण मला कुणी एवढं सरळ उत्तर दिलं नव्हतं. तिनं वाईट वाटणं नाकारलं नाही. मन मारलं नाही, समाधान मानलं असंही म्हणाली नाही. ते वाईट वाटणं तिनं बरोबर घेतलं आणि चालायला लागली.

चोखोबांचं तर तुला माहीतच आहे, पण परत सांगते, कारण लोक ते फार गोड करून सांगतात. ज्याच्यासाठी जीव टाकला त्याच्या देवळात पाऊल टाकायची त्यांना बंदी होती. तीही देवाच्या नावानं पूजा करणाऱ्यांनीच घातलेली. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून ते गेले, १३३८ साली. म्हणतात की ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं, ती चोखोबांची म्हणून नामदेवांनी वेचून आणली आणि महाद्वारासमोर पुरली. समाधी झाली तीही बाहेरच. त्यांच्या माणसांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावं लागलं, तेव्हा कुठं दार उघडलं. सहाशे वर्षं, बाळा. यात "शेवट गोड झाला" म्हणण्यासारखं काही नाही. चोखोबांना ते मिळालं नाही, आणि ते न मिळणं हा अन्याय होता. त्यांच्या मुलानं, कर्ममेळ्यानं, देवाला तोंडावर विचारलं की उष्टं खाण्यात आमचा जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही? हे विचारणाऱ्यालाही आपण संतच म्हणतो. मग माळ उतरवून ठेवणारा तू कोण मोठा बंडखोर!

तो कर्ममेळा तरी कसा झाला? सोयराबाईलाही मूल नव्हतं. फार दिवसांनी दिवस राहिले. चोखोबा घर सोडून बहिणीकडं, मेहुणपुरीला निघून गेलेले. घरात दुसरं बाईमाणूस नाही, बाळंतपण कोण करणार? तेव्हा विठ्ठलच नणंद होऊन, निर्मळेचं रूप घेऊन आला आणि सोयराबाईचं सगळं त्यानं केलं, अशी कथा आहे. तुझी आजी ही जात्यावर सांगायची. घडलं असेल किंवा नसेल. मला त्यातलं एवढं आवडतं की देव तिथं चमत्कार करायला आला नाही, पाणी तापवायला आला.

यावरून नवसाचं आठवलं. काकूनं तुमच्या नावानं काय काय बोलून ठेवलंय ते मला कळलंय, आणि ते फेडायची जबाबदारी तुमची नाही. तुकोबांनी तिला केव्हाच उत्तर देऊन ठेवलंय: "नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती." मी हे तिला म्हणून दाखवलं. दोन दिवस बोलली नाही. शांतता बरी वाटली.

पण तुकोबांचीच एक ओळ तुझ्यावर कुणी फेकली तर मात्र मला सांग. गेल्या महिन्यात सप्ताहात एका कीर्तनकारांनी "बरें जालें देवा निघालें दिवाळें" घेतलं आणि तासभर ऐकवलं की देव करतो ते बऱ्यासाठीच, दुःख आलं की आनंद माना. समोर आपल्याच आळीतली, तान्हं मूल गेलेली पोर बसली होती. मला उठून जावंसं वाटलं. अरे, १६३०च्या सुमाराच्या त्या दुष्काळात तुकोबांची बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. ज्याचं दिवाळं निघालं त्यानं स्वतःबद्दल म्हणावं "बरें जालें". ते दुसऱ्याला ऐकवायचा हक्क कुणालाच नाही. आणि त्याच तुकोबांनी "भेटीलागीं जीवा लागलीसे आस" लिहिलंय. त्यात दिवाळीला माहेरचं कुणी न्यायला येईल म्हणून वाट बघणारी लेक आहे, भुकेलेलं बाळ आहे, चकोर आहे. शेवटच्या ओळीतही भेट झालेली नाही. "मज लागलीसे भूक" असं म्हणून अभंग संपतो. भूक भागल्याचं काही नाही. तरी साडेतीनशेहून जास्त वर्षं माणसं तो म्हणतात आणि त्यांना बरं वाटतं. का वाटतं, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, आपली भूक लपवावी लागत नाही, म्हणून. ती टाळ-मृदंगावर मोठ्यानं म्हणता येते, आणि शेजारचाही तेच म्हणत असतो.

एकटीनं वाट बघत असले की मी जनाबाईंकडं जाते. ना लग्न, ना मूलबाळ, नामदेवांच्या घरी दळणकांडण करण्यात जन्म गेला. तिनं विठोबा पाहिला तो कसा? लेकुरवाळा! खांद्यावर निवृत्ती, सोपानाचा हात धरलेला, पुढं ज्ञानेश्वर, मागं मुक्ताई, मांडीवर गोरोबा, कडेवर बंका, नामदेवानं करंगळी धरलेली. आणि चोखोबा जिवाबरोबर. देवळाबाहेर ठेवलेल्या माणसाला तिनं सगळ्यांत आतली जागा दिली. मूल नसलेल्या बाईनं हे लिहावं! तिच्या मायेला लेकरू मिळालं नाही म्हणून ती माया आटली नाही, हे मला तिच्या ओवीओवीत दिसतं. तुम्ही असंच करा असं मी म्हणत नाही. दत्तकाचंही म्हणत नाही. "घ्या की एखादं" म्हणणाऱ्यांना कारामध्ये, म्हणजे दत्तकाचं बघणाऱ्या सरकारी संस्थेत, नाव घातल्यावर किती वर्षं थांबावं लागतं याची कल्पना नसते. ते तुमचं तुम्ही ठरवायचं. ठरवलंत तरी मी आहे, नाही ठरवलंत तरी आहे.

आता तुझ्याबद्दल एक. मी तुमच्याकडं राहायला आले होते तेव्हा फ्रिजच्या दारात, लिंबांच्या शेजारी, ती इंजेक्शनं असायची. रात्री जेवणं झाली की तू हात धुऊन बसायचास. आधी तिच्या पोटावर बर्फ फिरवायचास, मग सुई. लहानपणी लस टोचायची म्हटलं की शाळेच्या मागच्या ओढ्यात लपणारा तू! सुई काढल्यावर तुझाच श्वास सुटायचा, आणि ती हसून म्हणायची, "मला टोचलंय, तुम्हाला नाही." तुम्ही त्या सगळ्याला "वाया गेलं" म्हणता. औषध वाया गेलं असेल. मला त्या स्वयंपाकघरात जे दिसलं, ते तुझ्या वडिलांच्या आणि माझ्या संसारात यायला वीस वर्षं लागली होती. तुमचं घर दोन माणसांचं आहे. माझ्या लेखी ते पूर्ण आहे.

आणि मला काहीच वाटत नाही असं सांगून मोठेपणा घेणार नाही. मला आजी व्हायचं होतं. अजून आहे. माझ्या इरकली लुगड्याची आणि नानांच्या धोतराची एक बाळगोधडी शिवून ठेवलेली ट्रंकेत आहे. दर उन्हाळ्यात तिला ऊन दाखवते, डांबराच्या गोळ्या बदलते आणि परत ठेवते. त्या दिवशी डोळ्यांत पाणी येतं, मग संध्याकाळी हरिपाठाला जाते. तिथं गेल्यावर पाणी थांबतं असं नाही. पण तिथं कुणी "का रडता" विचारत नाही, आणि बाकीच्यांच्या आवाजात माझाही आवाज लागतो. मला विठोबानं एवढं दिलंय. माझ्या मागण्याच्या मानानं ते थोडं आहे, पण खोटं नाही.

आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढून ठेवतात ना? मग प्रक्षाळपूजेपर्यंत तोही निजत नाही, पाठीशी लोड घेऊन रात्रंदिवस उभा. शेवटी लिंबू-साखर लावून त्याचे पाय चोळतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात. कुणाला हा भाबडेपणा वाटेल. मला असाच देव परवडतो. सगळ्यांचं सगळं देऊन टाकणारा असता तर त्याचे पाय कशाला दुखले असते?

बरं. गौरी-गणपती जवळ आले आहेत. घरात आल्यागेल्याची वर्दळ असणार आणि कुणीतरी विचारणारच. सूनबाईला गौरी जेवायच्या दिवशी यायचं असेल तर या, सवाष्णीच्या पाटावर तीच बसेल, ते मी ठरवून टाकलंय. नको वाटत असेल तर सरळ नको म्हणा, कारणं शोधत बसू नका. मग मी विसर्जन झालं की फलटणहून स्वारगेटची गाडी धरून येईन आणि चार दिवस राहीन. भाजणी दळून ठेवली आहे, कारळ्याची चटणी सूनबाईला आवडते तशी, लसूण जास्त घालून केली आहे. काय ते फोनवर सांग. तेवढ्याला दोन मिनिटं पुरतील.

तुझी,
आई