दुखायचं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली असं नाही गं आई

ती. आई-बाबा,
सा. न.

काल व्हिडिओ कॉलवर आई तू भाकरी दुधात कुस्करून नुसती उजव्या बाजूने खात होतीस. विचारलं तर म्हणालीस, लवंगेचं तेल लावलं, आता दुखत नाही. मला तीच भीती वाटते गं. कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की दाढ ठणकते आणि नस मेली की ठणका आपोआप थांबतो, पण आत पू साठायला लागतो. तेलाने तेवढ्यापुरतं बधिर होतं, कीड तिथेच राहते.

गणपतीत आले होते तेव्हा तुझ्या उशाशी खडीसाखरेची स्टीलची डबी दिसली, रात्री तोंडाला कोरड पडते म्हणून एक खडा डाव्या गालात ठेवून झोपतेस. मोबाईलच्या टॉर्चने बघितलं तर डावीकडच्याच दोन दाढांना हिरडीच्या कडेला तपकिरी रेघ होती. वयाने हिरड्या खाली सरकतात, दाताचं मूळ उघडं पडतं, त्यावर वरच्यासारखं कडक एनॅमल नसतं, म्हणून तिथे कीड पटकन लागते. त्यात झोपेत लाळ कमी, म्हणजे साखरेचं ॲसिड धुवून टाकायला कोणी नाही. कोरड बीपीच्या किंवा झोपेच्या गोळीने पण पडू शकते, गोळी मनाने बंद करू नकोस, फक्त डॉक्टरांना सांग. उशाशी साध्या पाण्याचं भांडं ठेव, डबी आता देवघरात जाऊ दे.

बाबा, वय झालं की दात जायचेच हे तुम्ही म्हणता ते मला पटत नाही. आजी जन्मभर मिशरी लावायची, साठीत बोळकं झालं आणि आपण सगळे वयामुळे म्हणून मोकळे झालो. तुम्ही पण कडक ब्रशने खसाखसा घासता त्याने मुळाशी खाचा पडल्यात. मऊ ब्रश घ्या, पेस्टवर १००० पीपीएम फ्लोराईड लिहिलंय का बघा, रात्री घासून नुसतं थुंका, खळाखळा चुळा भरू नका, थोडं फ्लोराईड दातावर राहू दे.

दवाखान्यात एक्स-रे काढायला सांगा, कारण दोन दातांच्या फटीतली कीड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. खड्डा छोटा असेल तर सिमेंट भरून भागेल, नसेपर्यंत गेली असेल तर रूट कॅनल करून वर कॅप. आईला ड्रिलची धास्ती आहे, तर चांदीचं औषध लावतात त्याबद्दल विचारा, त्याने कीड बहुतेक वेळा जागच्या जागी थांबते पण तो भाग काळा पडतो, मागच्या दाढेला काय फरक पडतो. मात्र नस मेली असेल तर त्याचा उपयोग नाही.

शनिवारी ११ ची वेळ घेतलीये. औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घाला, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे आधीच सांगा. आणि गालावर सूज किंवा ताप वाटला तर शनिवारची वाट बघू नका, लगेच निघा. मी दुपारी फोन करतेच.

तुमची,
मनू