बढतीआधी माणसे सांभाळायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) २६ वर्षे काम करून मी निवृत्त झालो. प्रशिक्षणाचा पैसा कशावर खर्च करायचा, हा प्रश्न दर वर्षी आमच्यापुढे येई आणि दर वर्षी तो यंत्रांच्या, तपासणीच्या किंवा सॉफ्टवेअरच्या वर्गांवरच खर्ची पडे. त्या निर्णयांत मीही सहभागी होतो, म्हणून हे लिहावेसे वाटले.

चांगला मोल्डर (ओतकामासाठी वाळूचे साचे बनवणारा कामगार) किंवा सीएनसीवरचा, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावरचा, हुशार ऑपरेटर हेरून त्याला सुपरवायझर करण्याची आपल्याकडे रीत आहे. पण कालपर्यंत ज्याच्यासोबत डबा खाल्ला, त्याला त्याची चूक कशी दाखवायची, हे त्या नव्या सुपरवायझरला कोणीच शिकवत नाही. आमच्याकडे एका रात्रपाळीत वाळूत ओल जास्त असल्याचे एका मोल्डरने वाळू मुठीत दाबताच ओळखले होते, तरीही तो गप्प राहिला, कारण आठवड्यापूर्वी अशीच शंका काढल्याबद्दल सुपरवायझरने त्याला सर्वांदेखत झापले होते. सकाळी कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागांत) ब्लो होल, म्हणजे वायूमुळे पडलेली छिद्रे, निघाली आणि जवळजवळ सगळा लॉट पुन्हा भट्टीत गेला. त्यावर आम्ही त्या सुपरवायझरला पाठवले ते वाळू तपासणीच्या प्रशिक्षणाला! ओल कशी मोजायची, हे त्याला आधीपासूनच येत होते.

तांत्रिक प्रशिक्षण नको, असे मी म्हणत नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकात मांडले होते की, खालच्या पायरीवरील व्यवस्थापकाला तांत्रिक कौशल्य फार लागते आणि वर जाताना त्याची गरज कमी होते. माणसांबरोबर काम करण्याचे कौशल्य मात्र प्रत्येक पायरीवर लागते. आपण नेमके तेच अनुभवावर सोडून देतो.

हॉटेलातील एका दिवसाच्या प्रेरणादायी भाषणाने हे साधत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत सुपरवायझरांसाठी दोन-दोन तासांच्या पाच बैठकांचा अभ्यासक्रम चालवला गेला. त्यात प्रत्येकाने आपल्याच खात्यातील प्रसंग मांडायचा, आधी पूर्ण माहिती काढायची, मग निर्णय घ्यायचा आणि पुढे त्याचा परिणाम तपासायचा, अशी पद्धत होती. एवढा वेळ आपल्याकडील लहान कारखान्यालाही काढता येईल.

ज्यांना एकट्याने हे परवडत नाही, त्यांच्यासाठी शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील उद्योजक संघटनांनी मिळून असे वर्ग मराठीतून, पाळी सुटल्यावर, आणि बढतीचे पत्र हातात पडण्याआधी घ्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उत्पादन व्यवस्थापक, कोल्हापूर